चिखलाचं कलम

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, डोंगरावरच्या नॉर्थ टॅमरिन गावच्या शाळेत मुलं एकशे चौदा, शिक्षक अकरा, आणि त्या अकरा जणांचा नोकरीचा करार चौतीस पानांचा. त्यातली निम्मी पानं तरी लोर्ना डेरोशेने भांडून मिळवलेली होती. लोर्ना पाचवी-सहावीचा एकत्र वर्ग घ्यायची. छप्पन्न वर्षांची, अंगाने आडवी, आवाज असा की मैदानाच्या पलीकडचं पोरसुद्धा जागच्या जागी थांबावं. गेली अठरा वर्षं शिक्षकांच्या बाजूने टेबलाशी बसायचं काम तिच्याकडे होतं. दर तीन वर्षांनी जुना करार संपे, नव्याची बोलणी सुरू होत, आणि लोर्नाच्या चेहऱ्यावर तेज चढे.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, गावाच्या करातून शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाचा माणूस म्हणून ऑरिन स्टॅनार्ड बसायचा. वय बाहत्तर. पूर्वी त्याच्याकडे साठ गाई होत्या, त्या विकून आता नुसतं मेपलच्या झाडांचा गोड रस उकळून पाक करायचं गुऱ्हाळ चालवत होता. लोर्नाला तो तिच्या लहानपणापासून ओळखायचा आणि त्याचा फायदा कधी घेत नसे, पण सवलतही देत नसे. मागच्या खेपेला तर दोघं चौदा महिने अडून बसले होते. त्या काळात एका संध्याकाळी ऑरिन तिला सगळ्यांदेखत खेचर म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फूटभर बर्फ पडलं, आणि लोर्नाने दार उघडून पाहिलं तर ऑरिनने आपला ट्रॅक्टर आणून तिच्या अंगणापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ केव्हाच बाजूला सारून ठेवलं होतं. त्या कामाचे आभार मानायची पद्धत दोघांतही नव्हती.

करारातल्या प्रत्येक कलमाची जन्मकथा लोर्नाला तोंडपाठ होती. मार्चमध्ये मेपलचा रस वाहायला लागला की ज्यांची झाडं आहेत त्यांना दोन दिवसांची रजा, हे कलम तिने आठ वर्षांपूर्वी मिळवलं. तिचं सगळ्यात लाडकं मात्र एकोणिसावं. बर्फ वितळलं की इथले कच्चे रस्ते महिनाभर चिखलात बुडतात, गाड्या आसापर्यंत रुततात. कलम म्हणत होतं की अशा दिवसांत चिखलामुळे उशीर झालेला शिक्षक उशिरा आला असं धरू नये. हे एक वाक्य लिहायला त्यांना तीन बैठका लागल्या होत्या.

आणि अशात व्हरमाँटच्या विधिमंडळाने एक समिती नेमली. प्रत्येक गावाने आपापला करार वेगळा करावा, त्यात महिने घालवावेत, वकिलांना पैसे भरावेत, यापेक्षा सगळ्या राज्यातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना एकच करार असावा का, याचा विचार समितीने करायचा होता. गावोगाव सुनावण्या होणार होत्या. नॉर्थ टॅमरिनची पाळी मार्चच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, शाळेच्या व्यायामशाळेत.

लोर्ना आणि ऑरिन दोघंही विरुद्ध बोलणार, हे गावाने गृहीतच धरलं होतं. ऑरिन तर खूश होता. अठरा वर्षांत पहिल्यांदाच आपण एका बाकावर बसणार, असं तो दुकानात, पोस्टात, भेटेल त्याला सांगत होता. त्याने आपलं भाषण खताच्या पाकिटाच्या मागे लिहिलं होतं. लोर्नाने चार पानं लिहिली होती, आणि त्यात राजधानीतल्या लोकांना चिखलातलं काय कळतं असा एक झणझणीत परिच्छेद होता.

सुनावणीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी शाळा सुटल्यावर, ब्रिन हॅस्केल शिक्षकांच्या खोलीत कप विसळत उभी होती. ब्रिन तिसरीला शिकवायची. एकोणतीस वर्षांची, या शाळेत सहा वर्षं झालेली. ज्या पोरांना अक्षर ओळखता येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असे, ती पोरं तिच्या हाताखाली डिसेंबरपर्यंत वाचू लागत. लोर्ना आत आली तशी ब्रिनने नळ बंद केला आणि हात न पुसताच सांगून टाकलं. खाली सरोवराकाठच्या एका श्रीमंत गावातल्या शाळेत तिला नोकरी मिळाली होती. वर्ग तिसरीचाच, मुलंही तेवढीच, पगार वर्षाला चौदा हजार डॉलर जास्त. जूनमध्ये ती जाणार होती.

लोर्नाला आधी राग आला. मागच्या करारात आपण काय काय मिळवलं त्याची यादी तिने ऐकवली. पुढच्या वर्षी नवी बोलणी सुरू होतील, तेव्हा ऑरिनला कसं कोंडीत पकडायचं तेही सांगितलं. ब्रिनने सगळं ऐकून घेतलं.

"तू आमच्यासाठी किती भांडलीस ते मला माहितेय गं," ती म्हणाली. "पण ज्याच्याशी भांडतेस त्याच्या खिशातच नाहीये ना काही. गावात मोठा कारखाना नाही, तळ्याकाठचे बंगले नाहीत. कर देणार कोण?"

"म्हणून सोडून द्यायचं?"

"तसं नाही म्हणत मी." ब्रिन हसली, आणि त्या हसण्यात कुजकेपणा नव्हता म्हणूनच ते लोर्नाला जास्त लागलं. "पण खरं सांग, तुला मजा येते त्यात. बोलणी सुरू झाली की तू दहा वर्षांनी लहान दिसतेस."

लोर्नाने त्यावर काहीतरी उत्तर दिलं, काय ते तिला नंतर आठवलं नाही. घरी जाऊन ती शुद्धलेखनाच्या वह्या तपासायला बसली आणि एकाच मुलाची वही दोनदा तपासली. शुक्रवारीही तिचं मन वर्गात नव्हतं. मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीतल्या जुन्या फोटोंपुढे जाऊन उभी राहिली. दरवर्षी सगळ्या शिक्षकांचा एक फोटो काढायची पद्धत होती. अठरा फोटोंत अठरा वेळा ती स्वतः होती. तिच्या आजूबाजूचे चेहरे मात्र बदलत गेले होते. गणिताचा तो लांब हातांचा मुलगा दोन वर्षं टिकला. संगीताची बाई, जिने शाळेचा पहिला वाद्यवृंद बसवला, ती तीन. विज्ञान शिकवणाऱ्या जोडप्याने तर गावात घरही पाहिलं होतं. सगळे चांगले होते, आणि सगळे खाली सरोवराकडे नाही तर नदीपलीकडच्या दुसऱ्या राज्यात निघून गेले. प्रत्येक वेळी लोर्ना म्हणाली होती, पुढच्या करारात बघू. आणि पुढच्या करारात तिने खरोखरच जीव तोडून दोन टक्के, कधी अडीच टक्के मिळवले होते, आणि खाली सरोवराकाठी त्याच वर्षी चार मिळाले होते.

ती जिंकत होती हे खरं. पण कोणाशी जिंकत होती, तर ऑरिनशी.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ती ऑरिनच्या गुऱ्हाळावर गेली. आपण मत बदललं आहे हे त्याला आधी सांगावं, सगळ्यांसमोर तोंडघशी पाडू नये, एवढीच तिची इच्छा होती. गुऱ्हाळाच्या छपरातून वाफेचे लोट निघत होते. आत ऑरिन भट्टीत लाकडं सारत होता आणि त्याची बायको मॉड कढईतल्या उकळत्या रसावर लक्ष ठेवून होती. लोर्नाने तोंड उघडायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. समितीची गाडी बीव्हर टेकडीच्या उतारावर रुतली होती. पाच माणसं आत बसून होती आणि ड्रायव्हरने चाकं फिरवून फिरवून ती आणखी खोल नेली होती.

"मॉड, कढई सांभाळ गं," ऑरिन म्हणाला. "विधिमंडळ चिखलात गेलंय."

लोर्ना ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला फळ्या आणि साखळी घेऊन उभी राहिली. वाटेत तिने सांगायचा प्रयत्न केला. इंजिनाच्या आवाजावर ती ओरडून म्हणाली की मी आज तुमच्या बाजूने बोलणार नाहीये. ऑरिनने मागे न बघताच मान डोलवली आणि ओरडून उत्तर दिलं, की हो, डाव्या बाजूला खड्डा आहे, मला दिसतोय. दुसऱ्यांदा सांगावं तर गाडी समोरच आली.

गाडी पोटावर बसली होती. समितीच्या अध्यक्षा, सिनेटर प्रिसिला ऑडेट, साठीच्या, बारीक चणीच्या बाई, मदत करायला म्हणून खाली उतरल्या होत्या आणि त्यांचा एक बूट चिखलाने गिळला होता. तो शेवटपर्यंत सापडला नाही. तासभराच्या खटपटीनंतर गाडी निघाली, पण तिच्या खालून काहीतरी लोंबत होतं आणि ती पुढे न्यावी असं कोणालाच वाटेना. व्यायामशाळा तिथून चार मैलांवर. गुऱ्हाळ अर्ध्या मैलावर, आणि तिथे ऊब होती. शिवाय रस उकळत असताना ऑरिनला फार वेळ बाहेर राहता येत नव्हतं, कढई कोरडी पडली तर जळते. तेव्हा ऑडेटबाईंनी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मॉडचा गमबूट घालून जाहीर केलं की सुनावणी इथेच होईल, लोकांना कळवा.

दोन वाजेपर्यंत चाळीसेक माणसं जमली. काही ट्रकांतून आली, काही शेतांतून चालत. मॉडने पराती भरभरून बर्फ आणलं, त्यावर गरम पाक ओतला, आणि घट्ट झालेला तो गोळा काट्याला गुंडाळून, सोबत डोनट आणि आंबट काकडी, असं सगळ्यांना दिलं. समितीतले एक गृहस्थ राजधानीचेच होते, त्यांनी काकडी तीनदा मागून घेतली. आपल्याकडे चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतात, ते असं शब्दशः भरलेलं फार थोड्यांनी पाहिलं असेल.

पहिल्यांदा ऑरिन बोलला. खताचं पाकीट त्याने खिशातून काढलं आणि वाफेने शाई पसरलेली पाहून परत ठेवलं. मग तो साधंच बोलला, आणि चांगलं बोलला. ज्या माणसाशी आपण करार करतो तो आपल्याला दुसऱ्या दिवशी दुकानात भेटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. भेटणार असला तर माणूस टेबलावर थोडं जपून वागतो. आमच्या करारात चिखलाचं कलम आहे, तो म्हणाला, तुमच्या करारात असेल का? ऑडेटबाईंनी आपल्या दोन वेगळ्या पायांकडे पाहिलं आणि सगळं गुऱ्हाळ हसलं. टाळ्या पडल्या. ऑरिनने लोर्नाकडे वळून मान हलवली, आता तू.

लोर्ना उठली. चार पानं तिने घरीच ठेवली होती.

तिने आधी सांगितलं की परवापर्यंत आपण ऑरिनच्याच बाजूचे होतो. अठरा वर्षं या करारावर आपण घालवली आहेत आणि त्यातली बरीचशी मजेत घालवली आहेत. मग तिने आपल्या शाळेतून गेलेल्या शिक्षकांबद्दल सांगितलं. नावं घेतली नाहीत, पण कोण कोणता विषय शिकवायचा ते सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांत त्या प्रत्येकाच्या हाताखालून गेलेलं कोणीतरी होतंच. मागच्या बाजूला दाराशी ब्रिन उभी होती. तिच्याकडे लोर्नाने बघितलं नाही.

"इथल्या पोरांना भागाकार सोपा जात नाही," लोर्ना म्हणाली. "सरोवराकाठच्या पोरांना जेवढा अवघड, तेवढाच यांनाही. मग तो शिकवणाऱ्याला इथे कमी पैसे का? आमचं बोर्ड चिकट आहे म्हणून नव्हे. त्यांच्याकडे नाहीत म्हणून. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाकडे जे नाहीच, ते मी अठरा वर्षं मागत आले. तेव्हा पगार साऱ्या राज्याला एकच असू द्या."

ऑरिनच्या हातात लाकूड होतं, ते तसंच राहिलं.

"म्हणजे तुम्ही एका कराराच्या बाजूने आहात," ऑडेटबाई म्हणाल्या.

"अर्ध्या. पैशाचा भाग तुम्ही घ्या. चिखल आमच्याकडे राहू द्या."

ऑडेटबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी सहज विचारलं की मागच्या करारासाठी किती वेळ लागला होता. लोर्ना आणि ऑरिन एकदमच म्हणाले, चौदा महिने. सगळा पैशावरून? नाही, ऑरिन म्हणाला, पैशाचं दोन महिन्यांत उरकलं होतं. उरलेलं वर्ष जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष कोणी ठेवायचं यावरून गेलं.

"ही सुट्टी असते किती?"

ऑरिन घाईघाईने भट्टीत लाकूड सारायला वळला. "पंचवीस मिनिटं," शेवटी लोर्ना म्हणाली, आणि आधी मॉड हसली, मग सगळेच. लोर्नाचे कान लाल झाले, पण तिलाही हसू आवरेना. एवढ्यात कढईतला फेस वर चढला आणि ऑरिनने धावत जाऊन त्यात लोण्याचा खडा टाकला. फेस बसला. सुनावणी आणखी दीड तास चालली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर लोर्ना पराती गोळा करायला मागे राहिली. ऑरिन भट्टीपाशी स्टुलावर बसला होता. तो रागावला असेल या विचाराने ती बराच वेळ उगीच भांड्यांचे आवाज करत राहिली. शेवटी तिनेच सांगितलं की ट्रॅक्टरवर मी तुम्हाला सांगत होते.

"मला वाटलं खड्ड्याबद्दल बोलतेयस."

"खड्डाच तो, एका परीने."

ऑरिनने भट्टीचं दार लाथेने लावलं. "एक सांगू? पगाराचं तू म्हणायचीस ना दर वेळी, ते बरोबर असायचं. मला ठाऊक असायचं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोर्डाच्या खुर्चीत बसून? अगं, मी हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्या विधवांवर कर वाढला असता. घरी येऊन मॉडला सांगायचो, पोरगी खरं बोलते, पण मी करू काय." तो स्टुलावरून उठला. "संगीताची ती बाई गेली तेव्हा माझी नात तिच्याकडे व्हायोलिन शिकत होती. तीन आठवडे रडत होती पोर."

हे लोर्नाला माहीत नव्हतं. अठरा वर्षं ज्याचा चेहरा वाचून आपण आपले डाव ठरवत आलो, त्याच्याबद्दल आपल्याला एवढंसुद्धा माहीत नसावं याचं तिला नवल वाटलं, आणि थोडी लाजही. तिने परातीत उरलेला पाकाचा गोळा दोन काट्यांवर घेतला, एक त्याला दिला, आणि दोघांनी तो उभ्या उभ्याच खाल्ला.

समितीचा अहवाल जूनमध्ये आला. सगळ्या राज्याला एकच पगाराची श्रेणी असावी, तिचा भार राज्याने उचलावा, आणि बाकीचं गावांनी आपापसात ठरवावं, अशी शिफारस त्यात होती. कायदा व्हायला पुढचा वसंत उजाडला, आणि पगार सगळीकडे सारखे होणार होते ते टप्प्याटप्प्याने, चार वर्षांत. ब्रिनसाठी त्याला उशीर झाला होता. तिने सही केली होती आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या गाडीत खोकी भरायला लोर्ना गेली. दोघींनी डोळे पुसले आणि मग खोक्यांत चुकून शाळेच्या ग्रंथालयाची सात पुस्तकं निघाली म्हणून हसत सुटल्या. वर्षभर तिसरीचा वर्ग बदली शिक्षकांवर आणि लोर्नाच्या रिकाम्या तासांवर चालला. ते वर्ष कठीण गेलं, आणि कायद्याची वाट बघत बोलणी पुढे ढकलल्यामुळे लोर्नाला जरा रिकामं रिकामंही वाटलं. आपण कायद्याला हातभार लावून स्वतःचाच खेळ मोडला की काय, असं तिला एकदोनदा वाटून गेलं.

कायदा झाल्यानंतरच्या मे महिन्यात तिसरीच्या जागेसाठी डेस्मंड पाईक नावाचा माणूस मुलाखतीला आला. वय एक्केचाळीस, शांत, हातावर खडूचे डाग. पंधरा वर्षं तो सरोवराकाठी शिकवत होता. वरच्या गावांतून कोणीतरी खाली जातं हे लोर्नाला सवयीचं होतं, खालून कोणी वर आलेलं तिने पाहिलं नव्हतं. मुलाखत घ्यायला ती होती, मुख्याध्यापिका होत्या आणि बोर्डाकडून ऑरिन. पाईकने सरळ सांगितलं की पूर्वी इथे येणं परवडलं नसतं. आता पगारात फार फरक राहणार नाही, आणि त्याच्या बायकोला आयुष्यभर एकच हवं होतं, ते म्हणजे मेंढ्या. बीव्हर टेकडीच्या पायथ्याचं जुनं शेत त्यांनी पाहूनही ठेवलं होतं.

त्याने मुलांना वाचायला कसं शिकवतो ते सांगितलं आणि लोर्नाने मनात त्याला घेऊनही टाकलं. शेवटी मुख्याध्यापिकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का.

पाईक जरा चाचरला. "एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायतात. एखादी अडली तर मला सकाळी यायला उशीर होईल. तुमच्या करारात तशी काही सोय आहे का?"

लोर्नाने चौतीस पानं डोळ्यांपुढून फिरवली. नव्हती. तिने ऑरिनकडे पाहिलं. ऑरिन छताकडे बघत होता, पण त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता. लोर्नाने पर्समधून कोरी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"घाई करू नकोस," ऑरिन म्हणाला आणि त्यानेही आपली खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली. "आधी मेंढ्या किती ते कळू दे."